तख्त्यावरचा बेत

माघ शुद्ध द्वादशी, रविवार. परंडा.

हजर: मास्तर. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या कन्याशाळेच्या मोठ्या बाई. त्यांची मुलगी सुमन, वय एकोणीस. मोठ्या बाईंचे धाकटे भाऊ, धाराशिवहून मुद्दाम आलेले. आणि मी, भाडेकरू. येणार: तुळजापूरची मंडळी, सुमनला पाहायला. चारजण.

ही नोंद माझ्या त्या वेळच्या वहीत आहे. खाली त्या दिवशी करायच्या सतरा कामांची यादी आहे आणि सतराही कामांपुढं बरोबरची खूण आहे. त्यातलं अकरावं काम मी केलं नव्हतं. खूण मात्र केली होती. याद्या करायची सवय मला लहानपणापासून आहे, पण न केलेल्या कामापुढं खूण मी आयुष्यात तेवढी एकदाच केली. ती का केली हे सांगायचं तर आधी मास्तर कोण होते ते सांगायला पाहिजे.

मी मुरुमची. मुरुम आणि परंडा एकाच जिल्ह्यात, पण एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. कन्याशाळेत नेमणूक झाली तेव्हा मी वीस वर्षांची होते. ट्रंक आणि वळकटी घेऊन मोटारीतून उतरले तर मोठ्या बाई स्वतः घ्यायला आल्या होत्या. चालता चालता म्हणाल्या, "खोली आमच्याकडंच आहे. जेवणही आमच्याकडंच. एक गोष्ट आधी सांगते. स्वयंपाक आमच्याकडं हे करतात. गावात कुणी विचारलं तर सांगायचं. आम्ही लपवत नाही."

हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं.

मास्तरांनी निजामाच्या राज्यात पंचवीस वर्षं गणित शिकवलं. उर्दूतून. घरची भाषा मराठीच, बायकोशी, मुलीशी, भाजीवालीशी मराठीच. पण गणित त्यांच्या डोक्यात उर्दूतच बसलेलं. विलीनीकरण झालं, शाळा मराठी झाली, आणि खात्याकडून आलं की मराठीची परीक्षा द्या. मास्तर परीक्षेला गेले. शेजारच्या बाकावर त्यांचाच एक जुना विद्यार्थी येऊन बसला. मास्तरांनी त्याचा कागद सरळ करून दिला, दौत त्याच्या उजव्या हाताला सरकवली, स्वतःचा पेपर कोरा ठेवला आणि घरी येऊन राजीनामा लिहिला. तोही उर्दूत. मोठ्या बाई मराठी फायनल पास होत्या. त्यांनी नोकरी धरली आणि चार वर्षांत मुख्याध्यापिका झाल्या.

राजीनाम्याच्या दिवसापासून मास्तरांनी घराच्या ओट्याखाली पाय ठेवला नव्हता. मी राहायला गेले तेव्हा त्याला सहा वर्षं झाली होती. देवळात नाही, लग्नात नाही, बाजारात तर नाहीच. आठवड्याचा बाजार मोठ्या बाई आणि मी करायचो, मास्तरांनी सांगितलेल्या यादीबरहुकूम. बाकीचं सगळं जग ओट्यापाशी येईल तेवढंच.

"मला वर्ग पाहिजे होता," असं ते स्वयंपाकाबद्दल सांगत. "शाळेनं काढून घेतला. घरात बघितलं तर डाळी होत्या, भाज्या होत्या. म्हटलं, पट तर भरलेला आहे."

हे ते गमतीनं म्हणत नसत. शाळेनं टाकून दिलेला एक काळा तख्ता त्यांनी ओसरीच्या भिंतीवर टांगला होता. त्याचा एक कोपरा तुटलेला होता. रोज दुपारी चारच्या सुमाराला त्यावर दुसऱ्या दिवसाचा बेत लिहायचा. उजवीकडून डावीकडं, सुंदर अक्षरात. आधी तारीख, मग हाजिरी, म्हणजे उद्या घरात जेवायला कोणकोण आहे. मग पहिला तास, दुसरा तास, असा स्वयंपाक. आणि कोणतं काम कोणाकडं, तेही. "चुलीपुढं बसून काय करू म्हणून विचार करणारा माणूस म्हणजे वर्गात येऊन पुस्तक उघडणारा मास्तर," हे त्यांचं आवडतं बोलणं. वर्गात येऊन पुस्तक उघडणारे मास्तर कोण, हे ते नावानिशी सांगत. मी इथं सांगत नाही.

सकाळी सर्वात आधी भाजीच्या दुरडीची हाजिरी. मी अंथरूण गुंडाळत असताना ओसरीवरून आवाज यायचा. "वांगी?" मग स्वतःच उत्तर. "हाजिर, पाच. एक आजारी." "दोडके?" "हाजिर, दोन. दोन्ही म्हातारे." जी भाजी आजारी ती आधी चुलीवर. जी तरणी ती उद्यासाठी. हा नियम ऐकायला एवढासा वाटतो. पण तीन वर्षांत एक वांगं सोडलं तर त्या घरातून एकही भाजी कुजून उकिरड्यावर गेलेली मी पाहिली नाही, आणि आजवर कित्येक घरांत या एका नियमावाचून दुरड्या सडताना पाहिल्या आहेत.

डाळींच्या पाळ्या ठरलेल्या. आज तूर, तर उद्या मूग, परवा हुलगा. एका आठवड्यात एक आमटी दोनदा होत नसे. आठवड्यातून एक दिवस तव्याला सुट्टी. त्या दिवशी भाकरी नाही. हुलग्याचे शेंगोळे, नाहीतर माडगं, नाहीतर धान्याची खिचडी. मी पहिल्यांदा विचारलं, तव्याला सुट्टी कशाला? मास्तर म्हणाले, "तव्याला नाही. माझ्या मनगटाला. पण मास्तरानं आपल्यासाठी सुट्टी मागू नये म्हणून तव्याच्या नावानं अर्ज टाकला."

सकाळी माळीण ओट्यापाशी टोपली उतरवायची. तिच्या आणि मास्तरांच्या बोलण्याला मोल नव्हतं. ती म्हणायची, "मास्तर, बायकू साळंत अन तुमी चुलीत. उलटं न्हाय का झालं?"

"व्हय, उलटं झालं. तुझी चिघळीची जुडी पण उलटी धरलीस. मुळं वर, पाला खाली. सरळ धर, बघू दे कवळी हाय का."

"कवळी हाय. सकाळीच खुडली."

"काल सकाळी?"

"तुमच्यासंगं बोलण्यापरीस कोर्टात उभं राहिल्यालं बरं," असं म्हणून ती मूठभर जास्तच टाकायची.

मला स्वयंपाकघरात प्रवेश परीक्षेनंतर मिळाला. मला भाकरी येत होती, निदान माझी तशी समजूत होती. मास्तरांनी काटवट पुढं सरकवली. मी थापली, तव्यावर टाकली, त्यांनी ती ताटात घेऊन उजेडाला धरली. बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "मुरुमच्या बाई, ही भाकरी नाही, हा निजामाच्या राज्याचा नकाशा आहे. हे बघा, इकडं बिदर, इकडं आदिलाबाद. आता विलीनीकरण झालंय. गोल करायला शिका." शंभरपैकी सतरा गुण दिले. पास व्हायला मला पाच आठवडे लागले. एकोणचाळीस गुण मिळाले त्या दिवशी मी मुरुमला पत्र टाकलं होतं.

पण ते नुसतं शिकवत नसत, शिकूनही घेत. आमच्या भागात सणाला गव्हाची खीर करतात, कांडलेल्या गव्हाची, गुळाची. आम्ही तिला हुग्गी म्हणतो. ती मी एकदा केली. मास्तरांनी दोन वाट्या खाल्ल्या, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तख्त्यावर एका ओळीकडं बोट दाखवून म्हणाले, "हे तुमचं नाव. हा विषय आता तुमच्याकडं. मी त्यात हात घालणार नाही." ते अक्षर मला वाचता येत नव्हतं. तरी मी शाळेत जाताना वळून वळून बघितलं.

गावात अर्थातच नावं ठेवत. पारावर त्यांना चूलमास्तर म्हणत. पण दुपारी चार वाजता आमच्या गल्लीतल्या पाचसहा बायका काहीतरी निमित्त काढून ओट्यापाशी यायच्या. एकीच्या कडेवर मूल, एकीच्या हातात सूप. मास्तर तख्ता लिहून झाला की त्यांच्याकडं न बघता मोठ्यानं वाचून दाखवायचे, मराठीत. "उद्या पहिला तास, पाथरीची भाजी, मुगाची डाळ घालून. दुसरा तास, ताकाची कढी. ज्यांच्याकडं ताक नाही त्यांनी चिंचेचं सार करावं." बायका ऐकून निघून जायच्या. दुसऱ्या दिवशी शाळेतून परतताना पाच घरांतून एकाच फोडणीचा वास यायचा. एका पावसाळ्यात ओढ्याला पाणी येऊन दोन बाजार भरलेच नाहीत, तेव्हा सांडगे, वाळवलेली गवार, जवसाची चटणी आणि उन्हाळ्यात धान्य-मसाले भाजून दळून ठेवलेलं येसर एवढ्यावर मास्तरांनी सारी गल्ली चालवली. सोळा दिवस. एकही बेत दोनदा न होऊ देता. त्यातली एक बाई मला पुढं म्हणाली होती, "बाई, पावसानं कोंडलं म्हणून मला कधी इतकं बरं वाटलं न्हवतं."

तर अशा घरात सुमनचं स्थळ आलं.

स्थळ तुळजापूरचं, चांगलं. मुलगा सहकारी संस्थेत कारकून, घरी वडील आणि आजोबा, जुनं नावाचं घराणं. हे स्थळ मोठ्या बाईंच्या भावानं आणलं होतं. याआधीची दोन स्थळं मुलगी न पाहताच परत गेली होती आणि ती का गेली हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे भाऊ आले तेच ठरवून आले.

"दाजी, या वेळी माझं ऐकायचं. एक दिवस. स्वयंपाक तुम्ही करा, मी नाही म्हणत नाही, तुमच्यासारखा कुणाला येत नाही. पण पहाटेच उरका, आंघोळ करा, शेरवानी घाला आणि ओसरीवर बसा. स्वयंपाक ताईनं आणि सुमननं केला म्हणून सांगायचं."

मास्तर मोठ्या बाईंकडं बघत होते. मला वाटलं, आता मोठ्या बाई मी आले त्या दिवशीचं ते वाक्य बोलतील. त्या म्हणाल्या, "एक दिवसाचाच प्रश्न आहे, अहो."

मास्तर म्हणाले, "ठीक आहे." एवढंच.

फक्त बेतावरून ते हटले नाहीत. मेव्हण्यांना पुरणपोळी हवी होती. मास्तर म्हणाले, "मुलगी काय फक्त सणाला सासरी राहणार आहे? रोजचं जेवण वाढा. रोजचं आवडलं तर पुढचं." येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, भरली वांगी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. आणि पाहुणे आहेत म्हणून गव्हाची खीर. ती माझ्याकडं.

मेव्हण्यांनी मला बाजूला घेऊन कामं सांगितली आणि मी ती यादीत उतरवली. मास्तरांचा पंचा दोरीवरून काढणे. फुंकणी आत ठेवणे. माळणीला सकाळी ओट्यावर बोलू न देणे. अकरावं होतं, तख्ता पुसणे.

त्या सकाळी मी ओलं फडकं घेऊन तख्त्यापाशी गेले. मास्तर शेरवानीची बटणं लावत तिथंच बसले होते. इतक्या वर्षांत शेरवानी सैल झाली होती. म्हणाले, "बेत संपायच्या आधी तख्ता पुसत नाहीत."

मी तख्त्याकडं बघितलं. आदल्या दुपारी लिहिलेल्या ओळी, नेहमीपेक्षा दोनतीन जास्तच. त्यातली एक माझी, खिरीची, एवढं ओळखता येत होतं. मी विचार केला, हे उर्दू आहे. तुळजापूरचे लोक. मुलगा मराठी शिकलेला. आता उर्दू वाचतो कोण? भिंतीवर जुना तख्ता आहे, शिक्षकांचं घर आहे, शोभतंच. फडकं मी परत ठेवलं आणि अकराव्या कामापुढं खूण केली.

पाहुणे तीनच आले. मुलगा, त्याचे वडील आणि आजोबा. आजोबा ऐंशीच्या घरातले, ताठ, पांढरा फेटा, बोलणं जवळजवळ नाहीच. मेव्हण्यांनी ओळख करून दिली तेव्हा कळलं की ते निजामाच्या तहसिलीत पेशकार होते, म्हणजे तहसीलदारापुढं कागद मांडून वाचणारा कारकून. तीस वर्षं. हे मेव्हण्यांना आधीपासून माहीत होतं. त्याचा अर्थ काय, हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं आणि माझ्याही नाही. पानं ओसरीवरच मांडली होती. पेशकारांचं पान नेमकं तख्त्यासमोर आलं.

सुमननं वाढलं. जेवण सुरू झालं. मुलाचे वडील आमटीचा भुरका मारून म्हणाले, "वा. ही कुणाच्या हातची?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "सुमनच्या."

"आणि वांगी?"

"तिच्याच."

मास्तर खाली मान घालून भाकरी मोडत होते. मी खिरीचं पातेलं घेऊन दाराशी उभी होते. तेवढ्यात पेशकार पहिल्यांदा बोलले. आवाज जुन्या कचेरीतला, सावकाश.

"तख्त्यावर तर वेगळंच लिहिलंय."

कुणाला कळेना ते काय म्हणतायत. त्यांनी डावा हात डोळ्यांवर धरला आणि वाचायला लागले. वाचायचे उर्दू आणि लगेच मराठी करून सांगायचे, तीस वर्षं केलं तसंच. "तारीख आजची. पाहुणे, चार. आम्ही तीन आलो. असो. येसराची आमटी, खुद. म्हणजे स्वतः. भाकरी, खुद. वांगी, खुद. हरभऱ्याची भाजी, खुद. गव्हाची खीर, मुरुमच्या बाई." इथं त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. माझ्या हातातलं पातेलं खाली ठेवायचं मला सुचलं नाही.

"सुमन, पानं वाढणे. मोठ्या बाई, थाप मारणे. मेव्हणे, घाबरणे." आणि शेवटची ओळ. "खुद, शेरवानी घालून गप्प बसणे."

कोणी घास उचलत नव्हतं. मेव्हण्यांनी माझ्याकडं बघितलं.

मुलाचे वडील म्हणाले, "म्हणजे आम्हाला एवढ्या लांबून सोंगं बघायला बोलावलं?"

मोठ्या बाईंच्या तोंडातून शब्द फुटेना. शाळेत ज्यांच्या एका शब्दानं दीडशे मुली गप्प व्हायच्या त्या माझ्या मोठ्या बाई. बोलली ती सुमन. हातात चटणीची वाटी होती, ती तशीच धरून. "आमच्या घरी अण्णाच शिजवतात. मला येतं, पण त्यांच्यासारखं येत नाही. आधी कधी लपवलं नव्हतं. आज माझ्यासाठी लपवलं. ते चुकलं."

मुलाचे वडील उठायला लागले. पेशकार त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "खाली बस. भरल्या पानावरून उठत नाहीत." मग मास्तरांकडं वळले. "आमटी चाखली होती?"

"नैवेद्याआधी चाखत नाही."

"मग मीठ?"

"उकळीच्या आवाजावरून. मीठ पडलं की आमटी जड बोलते."

पेशकारांनी पान पुढं केलं. "आणखी वाढा."

जेवणं पूर्ण झाली. खीर सगळ्यांनी घेतली. पण मुलाचे वडील शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मुलगा नुसता सुमनकडं बघत होता. निघताना "कळवतो" एवढंच म्हणाले, आणि ते कसं म्हणतात हे मागच्या दोन स्थळांवरून आम्हाला पाठ झालं होतं.

मोटार गेल्यावर मेव्हणे म्हणाले, "दाजी, तुमच्या हट्टापायी पोरगी घरात राहणार." मी सांगून टाकलं की तख्ता पुसायचं काम माझ्याकडं होतं आणि मी ते केलं नाही. मेव्हणे माझ्यावर रागावले नाहीत. त्यांना मास्तरांवरच रागवायचं होतं. मास्तर शेरवानी उतरवून खुंटीला लावत होते. म्हणाले, "त्या काय पुसणार? लिहिणारा मी. मला वाटलं, आता कुणी वाचत नाही म्हणून काहीही लिहावं. परीक्षेला बसून कोरा पेपर देणाऱ्याला एवढी अक्कल पाहिजे होती की लिहिलेलं कधीतरी वाचलं जातं."

त्या दुपारी चार वाजता तख्त्यावर काही लिहिलं गेलं नाही. बायका आल्या, उभ्या राहिल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी खिचडी झाली. तिसऱ्या दिवशीही खिचडी. दुरडीची हाजिरी बंद झाली. चौथ्या दिवशी मी एक वांगं काळं पडून पाणी सुटलेलं पाहिलं आणि ते गुपचूप उचलून टाकलं. माळीण येऊन हाका मारायची, मोठ्या बाई जाऊन काहीतरी घ्यायच्या. सुमन एकदा म्हणाली, "अण्णा, उद्या हुलगा टाकू का?" तर म्हणाले, "तुला वाटेल ते टाक." मास्तरांच्या तोंडून असं वाक्य त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. आम्ही चौघं समोरासमोर बसून आठ दिवस तीच खिचडी जेवलो. मोठ्या बाई एकदा हात धुता धुता मला म्हणाल्या, "मी त्या दिवशी खरं बोलायला पाहिजे होतं." मी त्यांच्या हातावर आणखी पाणी घातलं.

नवव्या दिवशी सकाळी टपालवाला आला. आम्ही दोघी शाळेला निघत होतो. पाकिटावरचा पत्ता दोनदा लिहिलेला, एकदा मराठीत आणि खाली उर्दूत. मास्तरांनी ते ओट्यावर उभं राहूनच फोडलं. वाचलं. मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मग आम्हाला मराठीत सांगितलं, पण पेशकारांसारखं सावकाश नाही, घाईघाईनं.

पेशकारांनी लिहिलं होतं: मुलगा राजी आहे. त्याच्या बापाला समजवायला पाच दिवस लागले. तो म्हणत होता, जिथं बाप शिजवतो त्या घरची मुलगी काय शिकली असेल. मी म्हणालो, खरं बोलायला शिकली आहे, ते आपल्या घरात कुणाला येत नाही. लग्नाचा बेत तुमच्या हातचा पाहिजे. पाहुण्यांची हाजिरी सोबत जोडली आहे, नावनिशीवार. या वेळी मोजून घ्या. आणखी एक. विलीनीकरणानंतर मी लिहिलेलं कुणी वाचलं नाही आणि मला वाचायला कुणी काही लिहिलं नाही. तुमचा तख्ता हे माझं इतक्या वर्षांतलं पहिलं टपाल.

सुमन आत निघून गेली. मोठ्या बाई ओट्याच्या कडेला बसल्या. मास्तरांनी कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "बाई, बाजाराची पिशवी कुठं असते?"

"कशाला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"दीडशे माणसांच्या येसराला धणे लागतात. यादीवर सांगून आणायची गोष्ट नाही ती. बघून घ्यावे लागतात."

मी पिशवी आणून दिली. मास्तरांनी शेरवानी घेतली नाही. अंगात होता तो सदरा, त्यावर हळदीचा डाग होता, डोक्याला टोपी, आणि ते ओट्याच्या पायऱ्या उतरले. तीन पायऱ्या. पारावरचे लोक बोलायचे थांबले. मास्तरांनी त्यांच्याकडं बघून हात जोडले नाहीत आणि मानही खाली घातली नाही. माळीण समोरून टोपली घेऊन येत होती. ती थबकून म्हणाली, "मास्तर, तुमी खाली?"

"मुआयना आहे आज. तुझ्या मळ्यापासून सुरुवात. चल."

मुआयना म्हणजे तपासणी, साहेब लोक शाळेची करायचे तशी. मोठ्या बाई त्या दिवशी शाळेला सात मिनिटं उशिरा पोचल्या. त्यांच्या नोकरीत ते एकदाच घडलं. हजेरीपुस्तकात त्यांनी स्वतःच्या नावापुढं तशी नोंद केली, आणि ती करताना त्या हसत होत्या.

लग्न झालं. दोनशे अकरा पानं उठली. बेत रोजचाच, फक्त मोठा. पंगतीत पेशकारांनी उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आमटी मुलीच्या बापाच्या हातची आहे. पारावरचे लोकही जेवायला होते. त्यांनी तीनतीनदा मागून घेतली. त्यानंतर परंड्यात मी तरी चूलमास्तर हा शब्द ऐकला नाही. ऐकला असता तरी मास्तरांना चालला असता.

पुढं माझी बदली झाली, लग्न झालं, दोन मुलं झाली. माझ्या स्वयंपाकघरात भिंतीवर आठवड्याचा बेत लागतो, कामं वाटून दिलेली असतात, आणि दोन्ही मुलगे भाकरी थापतात. मोठ्याची गोल होते. लोक विचारतात, नोकरी करून हे तुम्हाला जमतं कसं? मी मास्तरांचं नाव सांगते. अभिमानानं सांगते.

मास्तर गेले, त्यांच्या आधी पेशकार गेले. त्यानंतर सुमनचं एक पार्सल आलं. आत पत्रांचे दोन गठ्ठे. मला माहीतच नव्हतं की लग्नानंतर मास्तर आणि पेशकार एकमेकांना दर आठवड्याला पत्र लिहीत होते. परंड्यात या आठवड्यात काय शिजलं, तुळजापुरात काय शिजलं, कोणत्या भाजीचे दिवस आले, कोणते गेले. सगळं उर्दूत. सुमननं लिहिलं होतं, तुमच्याकडं गोष्टी नीट राहतात.

मी पत्रं शिक्क्याच्या तारखेवरून महिनेवार लावली, चैत्रापासून. एकशे अठ्ठावीस आहेत. धाराशिवचे एक निवृत्त मास्तर दर रविवारी घरी येऊन वाचून दाखवत आणि मी मराठीत उतरवून घेई. चैत्र ते कार्तिकातली पत्रं झाली. मग त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं. दुसरं कुणी सापडत नाही. विचारते त्या तरुण माणसांना उर्दू आलं तरी हे जुन्या वळणाचं अक्षर लागत नाही, आणि येत असलेले म्हातारे एकेक कमी होतायत. म्हणून गेल्या महिन्यात मी बाराखडीच्या पुस्तकासारखं एक पुस्तक आणलं आहे आणि रोज दुपारी चार ओळी गिरवते. नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, अजून चुकतात.

सत्याऐंशी पत्रं झाली. एक्केचाळीस राहिली आहेत, मार्गशीर्ष ते फाल्गुन. हिवाळ्यातले सगळे बेत त्यांत आहेत.